कोकणात सूर्योदयाचा फोटो: कुठून काढावा, आणि आभाळ ऐनवेळी फिरलं तर?

कर्लीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

या महिन्याच्या शेवटी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांचं लहानपण देवबागेत गेलं. घर विकूनही आता पस्तीस वर्षं झाली, पण पुण्यात गॅलरीत चहा घेताना "आमच्याकडे सूर्य नदीपलीकडच्या माडांमागून वर यायचा, इथे पाण्याच्या टाकीमागून येतो" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतंच. म्हणून तो सूर्योदय मोठा छापून, फ्रेम करून त्यांना द्यायचा बेत आहे. त्यांना अजून पत्ता नाही.

कोजागिरीला जोडून तीन दिवस जातेय. जुना डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे, भावाचा ट्रायपॉड आहे. सूर्यास्ताचे फोटो ढीगभर काढलेत, सूर्योदयाचा एकही नाही, कारण त्या वेळी मी झोपलेली असते. आणि हवामानाचा अंदाज रोज रंग बदलतोय. सकाळी बघावं तर विजांसह पाऊस, संध्याकाळी बघावं तर निरभ्र. तीन दिवसांत एक तरी धड सकाळ मिळेल का? किती वाजता पोचायचं, ढग असले तर काय करायचं, जाणकारांनी सांगा.

चहाबाज

कोकणात सूर्य मावळतो. उगवायचं खातं घाटावर आहे. चुकीच्या खिडकीवर आलात.

घाटावरचा_पाहुणा

चहाबाज, हसू नका, मी हे प्रत्यक्ष केलंय. लग्नानंतरची पहिली सहल, गणपतीपुळे. पहाटे साडेपाचला बायकोला उठवून किनाऱ्यावर नेलं, समुद्राकडे तोंड करून ट्रायपॉड लावला. उजाडलं, कावळे उठले, माणसं फिरायला आली, सूर्याचा पत्ता नाही. शेवटी एक आजोबा थांबले, म्हणाले, "कशाची वाट बघताय?" सांगितलं. त्यांनी शांतपणे माझ्या मागच्या डोंगराकडे काठी दाखवली. "तो तिकडून येतो. अजून वेळ आहे, चहा घेऊन या."

बावीस वर्षं झाली. आमच्याकडे कुणी रस्ता चुकलं की अजून "ट्रायपॉड कुठे लावलास?" असं विचारतात.

मालवणी_खाजा

ताई, देवबागेत जातास तर बरोबर जाग्यार जातास. एका बाजूक दर्या, दुसऱ्या बाजूक कर्ली नदी, मधी चिंचोळी वाळूची पट्टी. सकाळी नदीकडे तोंड करून बसा, सांजेक दर्याकडे. सूर्याक कूस बदलूक लागत नाय, आपणच बदलूची. फक्त संगमाकडे पाण्यात उतरा नकात, ओढ जोराची आसता.

चहाबाज

"सूर्याक कूस बदलूक लागत नाय." हे मी स्टेटसला टाकतोय. मानधन मागू नये.

सड्यावरचा

रत्नागिरीकर. थोडं सविस्तर लिहितो.

कोकणातल्या सूर्योदयाबद्दल सगळे सह्याद्रीला दोष देतात. खरं तर त्या बिचाऱ्याचा यात फारसा हात नाही. किनाऱ्यापासून तो सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर आत. आठ-नऊशे मीटर उंची धरली तरी एवढ्या लांबून ती एक अंशही भरत नाही, म्हणजे सूर्य तीन-चार मिनिटं उशिरा दिसतो, बस. खरा अडथळा आपल्या पाठीमागचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. शंभर मीटरचा चढ अर्ध्या किलोमीटरवर असेल तर तोच सूर्य पाऊण तास अडून राहतो. घाटावरच्या पाहुण्यांचं पुळ्याला तेच झालं, देवळामागे लगेच डोंगर आहे.

म्हणून सूर्योदयाला एक तर सड्यावर चढायचं, नाही तर पूर्वेला लांबवर पाणीच पाणी असेल असा खाडीचा काठ धरायचा. आमच्याकडे भाट्याची खाडी आहे. वर शास्त्री नदीवर जयगड-तवसाळ फेरी, वाशिष्ठीवर दाभोळ-धोपावे फेरी. सकाळच्या फेरीच्या कठड्याला टेकून उभं राहायचं, धुक्यातून पलीकडचा धक्का हळूहळू वर येतो. देवबाग या बाबतीत भाग्यवान, पट्टीच्या मागे डोंगरच नाही, नदी आहे.

आणि आपण देशाच्या पश्चिम टोकाला असल्यामुळे सूर्य घड्याळाने उशिरा येतो हेही ध्यानात ठेवा. मालवणला जूनच्या सुरुवातीला सहा वाजून पाच मिनिटं, जानेवारीत सात वाजून गेलेले असतात. तुम्ही जाताय तेव्हा साडेसहाच्या आसपास. उगवायची जागाही जून ते डिसेंबर जवळजवळ पन्नास अंश सरकते. बाबांच्या आठवणीतला माड कुठल्या महिन्यातला आहे ते हळूच काढून घ्या.

कर्लीकाठ (धागाकर्ती)

बाप रे, माडाचा महिना! सहज विचारल्यासारखं करून विचारलं. म्हणाले, "नारळी पौर्णिमेनंतर होड्या उतरायच्या तेव्हा." मग बारा मिनिटं होड्यांवर बोलले. माड राहिलाच.

तिपाई

ताई, साडेसहाचा सूर्योदय म्हणजे पावणेसहाला ट्रायपॉड उभा पाहिजे. लोक कॅलेंडरातली वेळ बघून बरोबर त्या वेळेला पोचतात, तोवर अर्धी मैफल संपलेली असते. ढगांना खरा रंग चढतो तो सूर्य वर यायच्या आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत. आपल्या अक्षांशांवर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे हा खेळ झटपट आटोपतो.

ढगांना घाबरू नका. स्वच्छ निळं आभाळ म्हणजे फोटोत वर नुसता रिकामा कागद. पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे ढग असतील तर उत्तम, मधल्या उंचीचे खवल्याखवल्यांचे असतील तर त्याहून उत्तम, कारण सूर्य क्षितिजाखाली असताना त्यांना खालून उजेड लागतो. घात करतो तो पूर्वेला क्षितिजावर बसलेला खालचा जाड थर. वर कितीही नक्षी असू दे, पूर्वेला फट नसेल तर उजेड आत येणारच नाही. म्हणून अंदाज बघताना "ढग किती टक्के" हे बघू नका. विंडीसारख्या अॅपवर खालचे, मधले, वरचे ढग वेगवेगळे दिसतात, ते बघा. उपग्रहाचं ताजं चित्र झोपताना एकदा आणि उठल्यावर एकदा.

ऑक्टोबरात दुपारच्या उष्म्याने सह्याद्रीवर ढग उभे राहतात, संध्याकाळी गडगडाट, रात्री ओसरतात. त्यांचे वरचे विस्कटलेले तुकडे सकाळपर्यंत रेंगाळतात. आदल्या संध्याकाळी पूर्वेला विजा चमकल्या तर मी तरी गजर पाच मिनिटं आधीचाच लावतो.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःची रंगरंगोटी न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर तो शहाणा तांबडेपणा "सुधारून" टाकतो, डेलाइटवर ठेवा. आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, शटर जे येईल ते, दोन सेकंदांचा टायमर. अंधारात ऑटोफोकस आंधळी कोशिंबीर खेळतो, पलीकडच्या काठावरच्या एखाद्या दिव्यावर फोकस करून मॅन्युअल करून टाका. आणि वाळूत ट्रायपॉडचे पाय आधीच दाबून घट्ट बसवा, नाही तर फोटो चालू असताना एक पाय हळूच खाली जातो.

फिल्टरवाला

आभाळ आणि पाणी यांच्या उजेडातला फरक मिटवायला अर्धा काळा ग्रॅज्युएटेड फिल्टर घ्या. एका क्लिकमध्ये काम.

तिपाई

समोर सपाट क्षितिज असेल तर मान्य. इथे समोर माडांची रांग आहे. फिल्टरची पट्टी आभाळाबरोबर शेंड्यांनाही काळं करते. तीन वेगवेगळ्या उजेडाचे काढून नंतर जोडलेले बरे.

फिल्टरवाला

आणि तेवढ्यात होडी सरकली की जोडल्यावर एका होडीच्या तीन होड्या.

तिपाई

बरोबर आहे. मग होडी एकाच फोटोतली घ्यायची. होड्यांना मी पंधरा वर्षांत थांबवू शकलेलो नाही.

मोबाईलमित्र

एवढा खटाटोप कशाला? माझा फोन हे सगळं स्वतः करतो.

नीलमोहर

करतो ना. पहाटेची दुपारसुद्धा करतो. माझ्या फोनने वेंगुर्ल्याची पहाट अशी उजळली की सासूबाईंनी विचारलं, "जेवायला जाताना काढलास का?" अंधार हाही फोटोतला भाग असतो हे त्याला कुणी सांगत नाही. त्यावर उपाय एवढाच: स्क्रीनवर सूर्याजवळच्या उजळ ढगावर बोट ठेवायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. बाकी भिंतीएवढा छापायचा असेल तर ताई, कॅमेराच न्या.

जुना_खलाशी

आभाळाचं इतकं झालं, पाण्याचं कुणी बोलेना. खाडीचा फोटो अर्धा आभाळाचा, अर्धा भरतीचा.

जुना हिशेब सांगतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सुकती, म्हणजे ओहोटी, त्याच्या साधारण सव्वासहा तास मागेपुढे. हिशेब ढोबळ आहे, बंदराबंदरात फरक पडतो, पण पंचांगावरून एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता तुम्ही कोजागिरीला जाताय. म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला पाणी तळाला, तेही उधाणाच्या सुकतीचं, आणि साडेसहाला नुकतं चढायला लागलेलं. डोक्यात जर भरलेली नदी आणि तिच्यात सूर्याचं प्रतिबिंब असेल तर ते या तिथीला नाही. काठाला चिखल आणि दगड दिसतील. आरसा हवा तर अष्टमी धरा. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा हलका असतो, नदीवर सुरकुती पडत नाही. दहा-अकराला खारा वारा सुटला की मग ती नदी राहत नाही, घुसळण होते.

कर्लीकाठ (धागाकर्ती)

काका, रजा मंजूर झालीय हो. आमच्या ऑफिसात तिथी चालत नाही.

जुना_खलाशी

मग चिखलाचा फोटो काढा. चिखलही चांगला असतो. फक्त आत पाय घालू नका. मी एकदा दाभोळ खाडीत गुडघ्यापर्यंत रुतलो होतो, माणूस वर आला, चप्पल आली नाही.

देवगडची

तुम्हाला रंगीत ढग हवेत आणि आमचं भात कापायला आलंय. असे धागे वाचले की माझी चिडचिड होते, खरंच. रात्री पाऊस आला की कापून ठेवलेलं भिजतं आणि सकाळी पाहुणे अंगणात उभे राहून "काय सुंदर मळभ!" म्हणतात. हेच मळभ पुढे मोहोराच्या दिवसांत आलं की फवारणीचा खर्च वाढतो तो वेगळाच. "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा" हे उगाच नाही म्हणत.

नीलमोहर

आमच्याकडे ते "पडतील उत्तरा" असं म्हणतात.

देवगडची

उत्तरेत पडला तर भाताला हवाच असतो. कुत्र्याचा संबंध चित्रेशी.

चहाबाज

दोन्ही नक्षत्रांत कुत्रा उपाशी, एवढ्यावर एकमत करू या का?

सड्यावरचा

अवांतर आहे, पण सकाळच्या उजेडाचा विषय निघालाच आहे म्हणून. कातळशिल्पं बघायची वेळ हीच. बारसू, देवीहसोळ, उक्षी, कशेळी, कुठेही जा. दुपारी बाराला गेलात तर जांभ्याच्या कातळावर काहीच नाही, पायाखाली चित्र असतं आणि आपण त्यावर उभे राहून विचारतो, "कुठे आहे?" तिरपा उजेड आला की प्रत्येक खोदरेघेत सावली भरते आणि अख्खा प्राणी कातळातून उठून बसतो. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास लांब आहे. मी पहिल्यांदा दुपारी गेलो तेव्हा त्याच्या पोटावर बसून डबा खाल्ला होता, दुसऱ्यांदा सकाळी गेलो तेव्हा कळलं. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यामुळे आता डबा बाहेर खा.

त्याच कशेळीत कनकादित्याचं देऊळ आहे, सूर्याचं. म्हणजे जिथे सूर्य समुद्रात मावळतो त्या किनाऱ्यावर त्याचं देऊळ बांधणारी माणसं होती. उगवायचं खातं कुठे का असेना, चहाबाज.

देवगडची

सूर्याचं म्हणाल तर आमच्या विजयदुर्गाला विसरू नका. तिथून सूर्यग्रहण बघून हेलियमचा शोध लावला लॉकियर साहेबाने. "साहेबाचे ओटे" अजून आहेत किल्ल्यावर.

जुना_खलाशी

ओटे आहेत, मीही त्यावर बसलोय. ग्रहण १८ ऑगस्ट १८६८चं, तेही खरं, त्याचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून पुढे गुंटूरकडे गेला. पण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने ते पाहिलं गुंटूरला, आणि लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेघ पकडली त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. विजयदुर्गावर कुणी ना कुणी साहेब ग्रहण बघायला बसला असेल, नाही कशाला म्हणू? पण तो लॉकियर नव्हे.

देवगडची

आम्हाला शाळेत असंच सांगितलं होतं. आता वयाच्या पन्नाशीत काय बदलायचं?

तिपाई

साहेब कुणी का असेना, १८ ऑगस्टला कोकणात सूर्य बघायला दुर्बीण लावून बसणाऱ्याला माझा दंडवत. धागाकर्तीने धीर धरावा, तिचा ऑक्टोबर आहे.

प्रशासक

हेलियमसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

फिल्टरवाला

मूळ प्रश्नाकडे. तीन दिवसांत सूर्य दिसलाच नाही तर काय? सूर्य नसलेला सूर्योदय म्हणजे नवरदेव नसलेलं लग्न. मी तरी असा फोटो भिंतीवर लावणार नाही.

चहाबाज

लग्नात नवरदेवाला बघतंय कोण? पंगतीत आग्रह कसा होता ते लक्षात राहतं.

पाठमोरी

मी इथे फारशी लिहीत नाही, पण चहाबाज चुकून बरोबर बोललेत.

मी दापोलीची. हर्णै बंदरावर सहा-सात वर्षं जातेय, सकाळीच. तिथे सूर्य गावामागून येतो, तारा, घरं, झाडं, मधे मोबाईलचा मनोरा. त्याचा फोटो काढण्यासारखा नसतोच. म्हणून मी त्याच्याकडे पाठ करते. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. सूर्य वर यायच्या आधी पश्चिमेला क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा असतो आणि त्याच्यावर फिका गुलाबी. पुष्कळांना ते धुकं वाटतं. तो निळा भाग म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. मिनिटामिनिटाला ती समुद्रात बुडत जाते, गुलाबी खाली उतरतो, आणि ती पूर्ण बुडली की किल्ल्याच्या तटाला पहिला उजेड लागतो. काळा दगड पाच-सात मिनिटं विटेच्या रंगाचा होतो. पौर्णिमेच्या पहाटे त्याच बाजूला चंद्र मावळत असतो. हे सगळं चालू असताना माझ्या शेजारी उभे असलेले पाहुणे मनोऱ्यामागून सूर्य कधी येतो ते बघत असतात.

आणि हवा फिरती असेल तर फारच चांगलं. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला पडतं. म्हणजे सकाळी कोकणात ते समुद्रावर पडणार, आणि सूर्य जितका खाली तितकी कमान मोठी. पूर्वेला फट, पश्चिमेला सर, एवढं जुळून आलं पाहिजे. सात वर्षांत मला अशा चार सकाळी मिळाल्या. चारही दिवशी अंदाज वाईट होता.

देवबागेत तर तुम्हाला सोपं आहे. नदीकाठी ट्रायपॉड लावा आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून बघा. समुद्र पलीकडेच आहे.

घाटावरचा_पाहुणा

म्हणजे बावीस वर्षांपूर्वी माझा ट्रायपॉड बरोबर बाजूला होता! बायकोला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

पाठमोरी

काय म्हणाल्या?

घाटावरचा_पाहुणा

"मग फोटो कुठाय?"

नीलमोहर

ताई, एक राहिलं. एसीच्या खोलीत कॅमेरा ठेवू नका. थंड काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर वाफ धरते, पुसली तरी पुन्हा धरते, वीस-पंचवीस मिनिटं गेलीच समजा. रात्री बॅग व्हरांड्यात किंवा पंख्याच्या खोलीत ठेवा. आल्यावर खाऱ्या वाऱ्याचा थर ओलसर कापडाने पुसा, आणि घरी सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात. माझ्या एका लेन्समध्ये बुरशीने रांगोळी काढली आहे, दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात नवी आली असती.

मोबाईलमित्र

तांदळाच्या डब्यात ठेवली तर?

नीलमोहर

तांदळाचं पीठ लेन्समध्ये जाईल आणि बुरशीला जेवण मिळेल.

कर्लीकाठ (धागाकर्ती)

देवबागेतून लिहितेय. पहिला दिवस: पावणेसहाला हजर, पूर्वेला जाड गोधडी. सातपर्यंत करडं, मग आणखी करडं. एक कुत्रा ट्रायपॉडपाशी झोपला. दुसरा दिवस: पाच वाजता पत्र्यावर पाऊस, कूस बदलली (माझी). आज संध्याकाळी पूर्वेला विजा चमकतायत. तिपाई, तुमच्या भरवशावर गजर लावलाय.

मालवणी_खाजा

कुत्रो कसो होतो? पांढरो असात तर तो सगळ्यांकडे झोपता.

तिपाई

काय झालं? दोन दिवस वाट बघतोय.

जुना_खलाशी

चिखलात गेली नसेल ना?

कर्लीकाठ (धागाकर्ती)

आले, आले. पुण्यात पोचले, फोटो छापून झाला, वाढदिवसही झाला.

तिसऱ्या दिवशी उठले तेव्हा वरचं आभाळ फाटलेलं, मधून चांदण्या, पूर्वेला खाली मात्र पट्टा होताच. आणि हो, नीलमोहर, वाचूनसुद्धा मी कॅमेरा एसीच्या खोलीतच विसरले. नदीवर जाऊन झाकण काढलं आणि लेन्स पांढरी. ओढणीने पुसली, पुन्हा पांढरी. पावणेसहा ते सहा दहा मी वारा घालत बसले होते. तेवढ्यात वरच्या ढगांना खालून रंग लागला. तांबडा नाही, शिजलेल्या रताळ्याच्या आत असतो तसा. जेमतेम आठ मिनिटं. काच सुकली तेव्हा शेवटची तीन उरली होती. सुकती असल्यामुळे नदी लांब सरकलेली, जुन्या धक्क्याचे दगड उघडे, त्यांच्यामध्ये साचलेल्या पाण्यात तो रंग तुकड्यातुकड्यांनी, एक होडी चिखलात कलंडलेली, मागे माड. नऊ फोटो काढले आणि रंग गेला. सूर्य ढगांच्या वर आला सव्वासातला, तोवर तो चांगला पांढरा झाला होता. फिल्टरवाला, नवरदेव उशिरा आला आणि आला तेव्हा सूट घालून आला.

पाठमोरीताई, तुमचं ऐकून दर दोन मिनिटांनी मागे वळत होते. सात वाजून वीस मिनिटांनी समुद्रावर सर दिसली. ट्रायपॉड उचलून दोन घरांच्या मधून पळत पलीकडे गेले. अख्खी कमान नाही, डाव्या बाजूचा एक खांब पाण्यातून उभा राहिल्यासारखा. तो फक्त फोनवर मिळाला, कारण कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. त्यात कोपऱ्यात माझं बोट आहे. (खाजा, कुत्रो पांढरोच.)

फ्रेम नदीच्या फोटोची केली. बाबांनी चष्मा बदलला, फ्रेम उजेडात धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मी आपली डोळे पुसायच्या तयारीत. मग बोट ठेवलं धक्क्याच्या दगडांवर.

"ही सगळी कालवं आहेत. एवढी सुकती लागलेली, आणि तू फोटो काढत बसलीस?"

जुना_खलाशी

माणूस जाणकार आहे. माझा नमस्कार सांगा.

देवगडची

कालवांच्या कढीची कृती दुसऱ्या धाग्यावर टाकली आहे. तिथे हेलियमवाल्यांनी येऊ नये.

फिल्टरवाला

फोटो टाका की इथे. आणि होड्या किती आल्या, एक की तीन?

कर्लीकाठ (धागाकर्ती)

एकच. रुतलेली होती.